जुन्या पिंपातलं रेझिन

ज्या कामात माझं आयुष्य गेलं त्या कामाला मराठीत धड नाव नाही. रत्नागिरीकडे आमच्या गावात "यशवंता काचेच्या कारखान्यात आहे" असं सांगत. आईची समजूत होती की मी बाटल्या करतो. भाईंदरला चाळीतले शेजारी मला प्लास्टिकवाला म्हणायचे. सगळेच थोडे थोडे बरोबर होते. आम्ही फायबर ग्लासचं काम करायचो. काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर ब्रशने रेझिन चोपडायचं, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. सुकल्यावर जी वस्तू निघते ती वजनाला हलकी आणि ताकदीला लोखंडाच्या तोडीची. पाण्याच्या टाक्या, स्कूटरचे मडगार्ड, छपराचे पन्हाळी पत्रे, नाटकवाल्यांचे सिंह आणि सिंहासनं, आम्ही काय काय केलं.

रेझिन म्हणजे काय, तेही सांगतो. मधासारखा दाट, पिवळसर द्रव, आणि वास असा की घरी गेल्यावर बायको शर्ट बाहेरच काढायला लावायची. नुसता ओतून ठेवला तर तो पातळच राहतो. त्यात आधी कोबाल्टचे जांभळे थेंब मिसळायचे, नीट ढवळायचं, आणि मग हार्डनरचे थेंब. हे दोन्ही एकत्र कधी ओतायचे नाहीत, भडका उडतो. हार्डनर पडला की रेझिन आपोआप तापायला लागतं. वीसेक मिनिटांत जेलीसारखं होतं, तासाभरात लाकडासारखं. तेवढ्या वेळात हात चालला पाहिजे.

बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं ते हे, की पिंपात बंद असलेलं रेझिनही स्वस्थ बसत नाही. आतल्या आत, अगदी सावकाश, ते घट्ट व्हायला लागलेलं असतं. थंड, अंधाऱ्या जागी ठेवलं तर सहा महिने नीट राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याला टेकवून, झाकण सैल सोडून ठेवलं, तर दोन-तीन महिन्यांत त्याचा जीव जातो, मग हार्डनर घालूनही ते धड गोठत नाही. आणि गेलेला जीव वरून दिसत नाही. रंग तोच, वासही जवळजवळ तोच. आम्ही एकदा अशाच रेझिनने एका नाटक कंपनीला सिंहासन करून दिलं. ते कधी पुरतं वाळलंच नाही. पहिल्या प्रयोगाला महाराज दरबारातून उठले तेव्हा त्यांचा अंगरखा मागे सिंहासनावरच राहिला. प्रेक्षक खूप हसले, आम्हीही हसलो. त्या हसण्यातून मी काही शिकायला हवं होतं.

आमची शेड खारी गावाच्या अलीकडे होती. तेव्हा भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ थोडी घरं आणि चाळी, बाकी मिठागरं आणि भातखाचरं. शेडमध्ये आम्ही सात-आठ जण. मालक हसमुखभाई. मूळचे काठियावाडचे. मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलायचे. माणूस वाईट नव्हता. मी त्यांचा मिस्त्री होतो, म्हणजे साचा, मिश्रण आणि शेवटची तपासणी माझ्याकडे. मी "चालेल" म्हटल्याशिवाय शेडमधून वस्तू बाहेर जात नसे.

सत्तरच्या पुढे तीन-चार वर्षांनी एका सकाळी एक गोरा माणूस दारात उभा राहिला. सहा फूट उंची, पायात रबरी चपला, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. नाव पीटर, देश ऑस्ट्रेलिया. युरोपातून जमिनीवरच्या रस्त्याने, मिळेल त्या बसने आणि ट्रकने तो हिंदुस्थानात आला होता आणि पुढे गोव्याला जाणार होता. चादर सोडली तर आत एक निमुळती फळी, मधोमध मोडून दोन तुकडे झालेली. कुठल्याशा ट्रकच्या टपावरून पडली होती. मुंबईत एका बोटीवाल्याने त्याला आमचा पत्ता दिला.

"यशवंत, आ शुं छे? इस्त्रीचा टेबल?" हसमुखभाईंनी विचारलं.

पीटरने हातांनी लाटा करून दाखवल्या, मग दोन्ही पाय फाकवून, हात पसरून उभा राहिला. लाटेवर उभं राहायची फळी! आम्ही सगळे काम सोडून बघत राहिलो. आत हलका फोम आणि वर फायबर ग्लासचं कातडं, एवढीच तिची रचना. म्हणजे काम आमचंच होतं.

तेव्हा शेडच्या मागच्या भिंतीशी एक पिंप पडलं होतं. बंद पडलेल्या एका कंपनीचा माल हसमुखभाईंनी उचलला होता, त्यातलं. सगळा उन्हाळा त्याने पश्चिमेच्या पत्र्याला टेकून काढला होता. मी त्यातलं भांडंभर काढून आणलं. पीटरने त्यात काडी बुडवून वर धरली. धार सरळ पडली नाही, तार धरून लोंबली. त्याने दोन बोटांत थेंब चोळला आणि माझं बोटही त्यात बुडवलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक कण बोटांना लागले. मग त्याने चहाच्या ग्लासात थोडं घेऊन मापाने कोबाल्ट आणि हार्डनर घातला आणि घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. वीस मिनिटांत व्हायचं ते काम तासाभरानेही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ग्लासातल्या गोळ्यावर त्याने नख दाबलं. नख रुतलं.

"नो गुड," तो म्हणाला. मग त्याला येत असलेल्या चार हिंदी शब्दांतले तीन वापरून म्हणाला, "समुंदर... पानी... खतरा."

मला त्याचं म्हणणं पुरतं कळलं. पूर्वी मी अंदाजाने जे करायचो ते त्या दोन दिवसांत मला रीतसर समजलं. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे जे घडलं ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं कोणी समजू नये.

मुंबईहून ताजं रेझिन आणून आम्ही पीटरची फळी जोडली. तो चार-पाच दिवस शेडमध्येच राबला, आणि जाण्याआधी त्याने त्या फळीचा साचा आम्हाला काढू दिला. हसमुखभाईंच्या डोक्यात तेवढ्यात धंदा शिरला होता. मुंबईतल्या एका किनाऱ्यावर पोहणाऱ्यांचं एक मंडळ होतं, बुडणाऱ्यांना वाचवायचं काम करायचं. त्यांना त्यांनी अशा फळ्या दाखवायचं ठरवलं.

पहिली नमुन्याची फळी मी थर्माकोलवर करायला गेलो. रेझिन लागताच थर्माकोल पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळला. मग शीतगृहाच्या भिंतीत भरतात तो फोम आणला, तो टिकला. फळी तयार झाली, पण पाण्यात घालून बघणार कोण? आमच्यातल्या कोणाला खाडीत गुडघ्याच्या वर जायची सवय नव्हती. हसमुखभाईंनी जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातून हिराजीला आणलं.

हिराजी चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. फळीकडे बघून म्हणाला, "ह्यो पाट हाय का होडी?" तरी कंबरेचा रुमाल घट्ट करून तो तिच्यावर पालथा पडला आणि हातांनी वल्हवत खाडीत गेला. बराच वेळ परत येईना. आला तेव्हा चेहरा उजळला होता.

"मिस्त्री," तो मला म्हणाला, "हिच्यावर मी धा मानसं वडून आनीन."

मंडळाच्या लोकांनी त्याचं पाणी बघितलं आणि फळ्यांबरोबर त्यालाही ठेवून घेतलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असतात, तेवढे महिने तो त्यांच्याकडे किनाऱ्यावर पहारा करणार होता. फळ्या सहा हव्या होत्या, आणि गणपती विसर्जनाच्या आधी हव्या होत्या, कारण त्या दिवशी अख्खी मुंबई पाण्यात उतरते.

पाच फळ्या झाल्या. आणि आदल्या वर्षी जगात भडकलेल्या तेलाच्या भावांची झळ आता आमच्यापर्यंत पोचली. रेझिन तेलापासूनच होतं. बाजारातून ते दिसेनासं झालं. हसमुखभाई तीन दिवस मुंबईत दुकानं हिंडले आणि हात हलवत परत आले. विसर्जन आठवड्यावर होतं. मागच्या भिंतीशी ते पिंप होतंच.

"यशवंत," त्यांनी विचारलं, "एकच फळी राहिली ने? त्या मालात होऊन जाईल का? तू बोल. तू बोलशील तसं."

मी ग्लासात घेऊन बघितलं. गोठेना. कोबाल्ट वाढवला, हार्डनर दुप्पट केला. आता मात्र ते गोठलं, उलट फार लवकर आणि फार तापून गोठलं. दुसऱ्या दिवशी नख रुतलं नाही. मी स्वतःला सांगितलं, हे बघ, कडक झालंय. पण कडक असणं आणि चिवट असणं यातला फरक मला ठाऊक होता. हार्डनर जास्त झालेलं रेझिन काचेसारखं होतं, दणका बसला की तडकतं.

"चालेल," मी म्हणालो.

फळी करताना काचेचं कापड नीट भिजेना. चांगलं भिजलेलं कापड दिसेनासं होतं, रेझिनमध्ये विरून जातं. इथे जागोजागी पांढरे डाग राहिले, म्हणजे आत कापड कोरडंच. एरवी आम्ही रंग शेवटच्या थरात घालायचो. त्या फळीला मी नारिंगी रंग पहिल्याच थरात मिसळला. डाग झाकले गेले. दिसायला सहांमध्ये तीच सगळ्यात देखणी झाली.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मी घरी होतो. बातमी दुसऱ्या दिवशी शेडवर आली. मूर्तीबरोबर आत गेलेला एक माणूस ओढीला लागला होता. हिराजी ती नारिंगी फळी घेऊन गेला, त्याला फळीवर घेतलं, आणि परत येताना मागून लाट आली. फळी तडकून दोन झाली. तुटलेल्या फायबर ग्लासची कड सुरीसारखी असते. हिराजीने फळी सोडली नव्हती, त्यामुळे ती कड त्याच्या उजव्या तळहातातून आरपार गेली. तशा हाताने, दुसऱ्या हातात त्या माणसाचे केस धरून, तो त्याला किनाऱ्यावर घेऊन आला. माणूस वाचला.

मंडळाच्या माणसांनी मोडकी फळी आणून टेबलावर ठेवली. मी कातड्याची कड धरून ओढली. ती फोमपासून केळीच्या सालीसारखी सोलून आली. आतलं कापड पांढरंशुभ्र, दुकानातून आणल्यासारखं कोरडं. हसमुखभाई माझ्या शेजारी उभे होते.

"दोष माझा आहे," मी म्हणालो. "मी चालेल म्हटलं."

"तू चालेल बोललास," ते म्हणाले, "पण मला बी तेच ऐकायचं होतं, यशवंत."

त्याच दिवशी मी बाकीच्या पाचही फळ्या परत मागवल्या. प्रत्येकीच्या शेपटाचा तुकडा करवतीने कापून बघितला. त्या चांगल्या होत्या. जुनं पिंप आम्ही दोघांनी उचलून शेडबाहेर नेलं. आणि तिसऱ्या दिवशी मी मुंबईला हॉस्पिटलात गेलो.

हिराजीचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. शेजारी त्याची बायको पार्वती बसली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की जखम भरेल, पण आतल्या शिरा तुटल्यात, बोटं पुन्हा मिटणार नाहीत. ज्याची बोटं मिटत नाहीत त्याला दोर ओढता येत नाही, जाळं धरता येत नाही. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिंप किती जुनं होतं, पीटरने काय दाखवलं होतं, मी हार्डनर किती घातला, रंग पहिल्या थरात का मिसळला.

हिराजीने एकच विचारलं. "तुना आधीच ठावं हुतं?"

"होय."

त्याने मान भिंतीकडे वळवली. पार्वती म्हणाली, "दर्यानं केलं असतं तं सोसलं असतं, दादा. दर्या आपलाच हाय. तुमी जा आता."

मी निघालो. पुढे कितीतरी दिवस मला जेवण गोड लागलं नाही. काम सोडून गावी जायचा विचार बायकोजवळ बोललो. ती म्हणाली, "जाल, आणि तिथे काय कराल? त्याचा हात तिथेही असेलच की तुमच्यासमोर." मी गेलो नाही.

हसमुखभाईंनी हिराजीच्या घरी मदत पाठवली, ती त्याने घेतली. मी दोनदा कोळीवाड्यात गेलो. दोन्ही वेळा तो मागच्या दाराने निघून गेला. मग पुढचा उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी तो स्वतःच शेडवर आला. माझ्याकडे न बघता तो हसमुखभाईंना म्हणाला, "मना काम द्या. तुमची पिपं मी बघीन."

"तुला रेझिनमधलं काय समजतं, हिराजी?"

"न्हाय समजत. ह्यानं शिकवावं," तो म्हणाला. माझं नाव त्याने घेतलं नाही.

मी शिकवलं. काडी बुडवून धार बघणं, बोटांत चोळून कण बघणं, ग्लासातली परीक्षा, दुसऱ्या दिवशीचं नख. तो काही न बोलता बघायचा आणि लगेच डाव्या हाताने करून दाखवायचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पिंपावरची तारीख त्याच्या उपयोगाची नव्हती. त्याने आपली रीत काढली. नवं पिंप आलं की त्याच्या कडीला जाळ्याच्या सुताचा तुकडा बांधायचा, आणि दर पुनवेला त्यात एक गाठ मारायची. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, म्हणून एक टोक दातात धरून. चार गाठी झाल्या की त्या पिंपातल्या मालाची रोज परीक्षा. सहा गाठी झाल्या की पिंप बाहेर, मग मालक काहीही म्हणोत. शेडच्या मागे त्याने शेवग्याच्या सावलीत खड्डा खणून घेतला. पिंपं त्यात, वर गोणपाट, आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा गोणपाटावर पाणी.

सहा वर्षं तो आमच्याकडे होता. एक दिवस सोडला तर या सहा वर्षांत तो माझ्याशी दोनच वाक्यं बोलला. रोज सकाळी मी भांडं घेऊन जायचो, तो बघून म्हणायचा, "चालंल." किंवा, "न्हाय चालत." बस. आणि मी मिश्रण करायला लागलो की तो येऊन माझ्या उजव्या हाताला उभा राहायचा. थेंब मोजायचा. कापड अंथरलं की वाकून पांढरा डाग राहिलाय का बघायचा. कारागिराच्या मानेवर कोणी असं सतत उभं राहिलं तर तो वैतागतो. मला वैतागायचा हक्क नव्हता. हळूहळू मला त्याची सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आधारही वाटू लागला. आमच्या शेडमधून त्या सहा वर्षांत एकही वस्तू परत आली नाही. लोक माझं नाव घ्यायचे. ते नाव कोणाचं होतं हे मला ठाऊक होतं.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. हिराजीचा धाकटा भाऊ होडी चालवायचा, हिराजीच्या पगाराबरोबर त्यावरच दोन्ही घरं जगत. होडीच्या तळाच्या फळ्या किड्यांनी खाल्ल्या होत्या. नवी होडी त्यांच्या आवाक्याबाहेरची. लाकडाच्या तळाला बाहेरून फायबर ग्लासचं कातडं चढवायचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, आम्ही मुंबईच्या एक-दोन बोटींना केलंही होतं. एका सकाळी हिराजी माझ्या टेबलाशी आला. हातात रेझिनचं भांडं. ते त्याने माझ्यासमोर ठेवलं.

"भावाच्या होरीचा तल करायचा हाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "मुंबईत एक चांगला कारागीर आहे. मी त्याला बोलावतो. किंवा आपल्याकडचा दुसरा कोणी—"

"तू कर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाचा हात नको लावू."

खाडीच्या काठावर, कोळीवाड्याच्या खाली, होडी उलटी करून ठेवली होती. लाकूड आठ दिवस उन्हात वाळवलं होतं. मी भावाला मदतीला घेतलं. पार्वती आली, होडीपासून चार हात दूर उभी राहिली. मी कोबाल्ट घातला, ढवळला. मग हार्डनरची बाटली उघडली आणि सवयीने उजवीकडे बघितलं.

तिथे कोणी नव्हतं.

हिराजी काठावरच्या एका पालथ्या टोपलीवर जाऊन बसला होता, आमच्याकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून. तो अधू हात मांडीवर, बोटं तशीच उघडी. मी थेंब मोजले, मोठ्याने मोजले. त्याने मागे वळून बघितलं नाही. दुपार टळली, भरती आली, तळाचं शेवटचं कापड रेझिनमध्ये विरून दिसेनासं झालं, आणि तोवर एकदाही त्याने मागे वळून बघितलं नाही.